बिराजदार सर आणि तिसरी नळी

बिराजदार सरांनी मला माझं नाव विचारलं ते नंतर. आधी विचारलं ते त्रिघाती समीकरणाबद्दल. १९७४ सालचा जून महिना. सोलापुरातल्या कॉलेजात गणिताची व्याख्याती म्हणून माझा पहिला दिवस होता आणि स्टाफरूममधली कुठली खुर्ची माझी, हेही अजून मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्यात दारातून एक ठेंगणे, गोलमटोल, घामाघूम गृहस्थ आत शिरले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला शाईचा डाग आणि काखेत कागदाची जाडजूड गुंडाळी. ती त्यांनी टेबलावर सोडली, तशी ती उलगडत उलगडत टेबलाच्या पलीकडे बसलेल्या दोन प्राध्यापकांच्या मांडीवर जाऊन थांबली. आलेखाचे पंचवीस-तीस कागद खळीनं चिकटवून तयार केलेली ती एक अख्खी चादर होती.

"गणिताच्या नव्या बाई तुमीच न्हवं? त्रिघाती समीकरण सुटतं का तुमाला?"

"सुटतं की," मी म्हणाले.

"किती?"

"किती म्हणजे?"

"आठशे हायत."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे. मी हसले. तेही हसले. पलीकडचे दोघे प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी मांडीवरचा कागद शांतपणे गुंडाळला आणि चहाला निघून गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बावीस समीकरणं सोडवली होती.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे अक्कलकोटचे. घरात भुसार मालाचं दुकान, घरी कानडी, दारी मराठी. साधं बोलणं मराठीत व्हायचं, पण आनंद झाला की जीभ आपोआप कानडीकडे वळायची, आणि त्यांना आनंद दिवसातून सात-आठ वेळा व्हायचा. पन्नाशीला टेकले होते. बारा वर्षं पीएच.डी. करत होते. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले ते परत आले नाहीत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत कागद एवढे माजले होते की त्यांच्या पत्नी, नीलाक्का, भाकरी थापायला बसण्याआधी परातीतून आलेख बाजूला काढायच्या.

विषय होता वायूंच्या मिश्रणांचा. जमिनीखालून, समुद्राखालून जो वायू निघतो तो एकटा नसतो. त्यात मिथेन, इथेन, प्रोपेन आणि त्यांच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडसारखे पाहुणे असतात. या मेळ्यावर किती दाब दिला आणि तापमान किती ठेवलं म्हणजे त्यातलं किती द्रव होईल आणि किती वायू राहील, हे प्रत्यक्ष नळ टाकण्याआधी कागदावर सांगता यायला हवं. मुंबईजवळ समुद्रात तेल लागल्याची बातमी आली तेव्हा सर वर्तमानपत्र घेऊन वर्गावर्गांतून फिरले होते, जणू त्यांच्याच परसात लागलं होतं.

मला त्यांनी हा विषय पहिल्या आठवड्यात, फळ्याशिवाय, व्हरांड्यात उभ्या उभ्या शिकवला. "पुस्तकातला आदर्श वायू म्हणजे संन्याशांचा मेळा बघा, शिंदेबाई. ना जागा अडवणार, ना कुणावर जीव. असला वायू सोलापुरात कुटं हाय? मग शंभर वर्षांमागं हॉलंडच्या एका म्हाताऱ्यानं वळकलं, की रेणूला दोनच गोष्टी लागतात. थोडी जागा आणि थोडी ओढ. तेवढं समीकरणात घातलं की संन्याशाचा संसारी झाला!" त्या डच शास्त्रज्ञाला ते 'आजोबा' म्हणत. आजोबांच्या समीकरणात पुढं लोकांनी सुधारणा केल्या होत्या. आम्ही वापरत होतो ती सुधारणा दोनच वर्षांपूर्वी परदेशी मासिकात आली होती. तिचं नाव अर्थातच 'नातू'.

नातवाचं समीकरण त्रिघाती होतं. म्हणजे ते सोडवलं की तीन उत्तरं यायची. सगळ्यांत मोठं ते वायूचं आकारमान, सगळ्यांत लहान ते द्रवाचं. आणि मधलं? "ते टाकून द्या. मधल्याला कुणी विचारत न्हाय. मी घरात मधलाच, मला म्हाईत हाय की." मग प्रत्येक रेणू द्रवातून किती पळू पाहतो आणि वायूतून किती पळू पाहतो, ते काढायचं. याला इंग्रजीत भारदस्त शब्द आहे. सर त्याला 'पळपुटेपणा' म्हणत. दोन्हीकडचा पळपुटेपणा सारखा झाला की भांडण मिटलं. नाही झाला, तर दाब बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. लॉगची कोष्टकं, एक घासलेली स्लाइडरूल आणि संख्याशास्त्र विभागातून मागून आणलेलं, हातानं दांडा फिरवायचं गणकयंत्र, एवढ्यावर हे सगळं चालायचं. गणकयंत्राचा दांडा फिरवायचं काम प्रयोगशाळेतले नरसय्या करायचे. ते पद्मशाली, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आलेला. दांडा फिरवताना त्यांचा हात असा तालात चाले की मला आकडे लिहायला सुचायचं नाही.

वर्गातले सर मात्र आणखी वेगळे. एकदा भर दुपारी त्यांनी कॉलेजच्या मैदानावर चुन्यानं मोठा चौकोन आखला आणि दुसऱ्या वर्षाच्या चाळीस मुलामुलींना त्यात पळायला लावलं. "तुमी रेणू! भिंतीला धडका! थांबायचं न्हाय!" मुलं पळत सुटली. मग सरांनी शिट्टी वाजवली: "गारठा पडला! हळू पळा! ज्याला जो आवडतो त्यानं त्याचा हात धरा!" मुलं हात धरून धरून एका कोपऱ्यात गोळा झाली आणि सर आनंदानं ओरडले, "द्रव झाला! नोड्री, बघा, द्रव झाला!" नेमके तेव्हाच प्राचार्य गच्चीत आले. चाळीस मुलंमुली भर उन्हात एकमेकांचे हात धरून उभी आणि मधोमध बिराजदार सर उड्या मारताहेत. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. सर अर्ध्या तासानं बाहेर आले ते हसतच. "काय म्हणाले?" मी विचारलं. "पुढच्या वेळी मुली वेगळ्या चौकोनात ठेवा म्हणले. मी म्हणलं, सर, मग मिश्रण कसं व्हायचं?"

माझी त्यांच्या कामात मदत खरी होती, पण तिच्यामागे एक भीतीही होती. मी जेऊरची. गावातून गणितात एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. वडील शेती करायचे, आणि स्टेशनवर कुणी भेटलं की सांगायचे, "आमची कुमुद कवाच चुकत न्हाय." लहानपणापासून हे ऐकून चूक म्हणजे मला पापच वाटायची. प्रत्येक उत्तर मी तीनदा तपासायची. एखादा आकडा खोडावा लागला तर अख्खा कागद पुन्हा लिहायची. सर ते बघायचे आणि पुढचा कागद सरकवायचे.

दीड वर्ष असं गेलं आणि विद्यापीठाचं पत्र आलं. तेरा वर्षं उलटली, आता मुदतवाढ नाही. एक तज्ज्ञ प्राध्यापक येऊन काम बघतील. त्यांनी सही केली तर प्रबंध सादर करता येईल, नाहीतर नोंदणी रद्द.

सरांनी ठरवलं, नुसते कागद दाखवायचे नाहीत. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडून त्यांनी जाड काचेच्या तीन बारीक, दोन्ही टोकं बंद केलेल्या नळ्या मागवल्या. पहिलीत कार्बन डायऑक्साइड, दुसरीत इथेन आणि तिसरीत दोघांचं मिश्रण, सगळं प्रचंड दाबाखाली. अशा नळीत खाली द्रव आणि वर वायू असतो, आणि मधे दोघांना वेगळी करणारी बारीक रेघ दिसते. तापवत गेलं की एका ठराविक अंशाला ती रेघ चक्क नाहीशी होते. त्यानंतर कितीही दाबा, द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडची रेघ एकतिसाव्या अंशाला पुसली जाते, इथेनची बत्तिसाव्या. "म्हंजे मे महिन्यात सोलापुरात हे दोगं द्रव व्हायचं नावच काढणार न्हायीत," सर म्हणायचे, "हितला उन्हाळा रेणूलासुद्दा सोसत न्हाय." मिश्रणाची रेघही तिथंच कुठंतरी, एकतीसच्या आसपास पुसली जाईल, असं आमचं आठशे समीकरणांचं गणित सांगत होतं.

नळ्या आल्या त्या तज्ज्ञसाहेब येणार त्याच्या आदल्या रात्री, त्यामुळे आधी करून बघायला वेळच मिळाला नाही. पेटीवर चिठ्ठी होती: पेटीतून काढाल ते थेट पाण्यातच सोडा, जाड काचेआड ठेवा. प्रत्येक नळीचं वजनही लिहिलेलं होतं.

जानेवारीतली सकाळ. तज्ज्ञसाहेब उंच, सडसडीत, पांढऱ्याशुभ्र शर्टाचे, मोजकं बोलणारे. काचेच्या टाकीत बावीस अंशांचं पाणी. नरसय्यांनी एकेक नळी आत सोडली. पहिल्या नळीत रेघ. दुसऱ्या नळीत रेघ. तिसरी नळी मात्र स्वच्छ, आरपार, रिकामी. रेघेचा पत्ता नाही.

नरसय्या हळूहळू गरम पाणी ओतू लागले. एकतिसाव्या अंशाला पहिल्या नळीतली रेघ थरथरली आणि विरून गेली. बत्तिसाव्याला दुसरीतली गेली. अगदी आमच्या कागदावर होतं तसं. तज्ज्ञसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"तिसरी वाटेत गळली असणार," ते म्हणाले. "हरकत नाही. दोन नळ्या बरोबर आल्यात, गणित व्यवस्थित आहे. मी सही करतो." आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

माझा जीव भांड्यात पडला. सर मात्र त्या तिसऱ्या नळीकडे असे बघत होते, जसं कुणी गर्दीत ओळखीचा चेहरा शोधावा.

"नरसय्या, वजन करा तिचं."

मी सरांच्या अगदी जवळ जाऊन पुटपुटले, "सर, नको ना. ते सही करताहेत."

"करू द्यात की. वजन करा."

नरसय्यांनी नळी पुसून तराजूत ठेवली. चिठ्ठीतलं वजन आणि तराजूतलं वजन एकच. कणभर फरक नाही. म्हणजे नळी गळलेली नव्हती. आत दोन्ही वायू होते आणि बावीस अंशांनासुद्धा द्रव व्हायला तयार नव्हते.

"साहेब," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी आहे. बेरजा मी केल्यात. सरांचा काही दोष नाही."

"गप बसा हो, शिंदेबाई," सर माझ्याकडे न बघताच म्हणाले. "तुमच्या बेरजा बरोबर हायत. बर्फ आणा."

"काय?"

"बर्फ! बर्फ! फाटकापाशी सोडा-लेमनवाला हाय त्याच्याकडं. पळा की!"

मी पळाले. व्याख्यात्या बाई साडी आवरत कॉलेजच्या रस्त्यानं धावताहेत हे दृश्य त्या दिवशी पुष्कळांनी पाहिलं. सोडावाल्यानं भुशातून काढलेली लादी पोत्यात गुंडाळून दिली आणि मी ती पोटाशी धरून परत धावत आले. अर्धी साडी भिजली, भुसा केसांत गेला. सर टाकीशेजारी उकिडवे बसले होते. त्यांच्या शेजारी, पांढऱ्याशुभ्र शर्टाची पर्वा न करता, तज्ज्ञसाहेबही उकिडवे बसले होते.

बर्फ फोडून घातला. तापलेलं पाणी उतरत उतरत पुन्हा बाविसाच्या खाली आलं. एकवीस. वीस. नरसय्या पाणी ढवळत होते. एकोणीस. नळी तशीच कोरी. अठराच्या जवळ आलं आणि नळीत एकाएकी धुकं दाटलं. आधी फिकट, मग दुधासारखं, मग पिवळसर. आत काहीतरी उकळतंय, घुसळतंय असं. आणि बघता बघता धुकं निवळलं आणि नळीच्या मधोमध केसासारखी बारीक रेघ उभी राहिली. छे, आडवी राहिली. पण मला ती उभी राहिल्यासारखीच वाटली.

"बंतु!" सर किंचाळले. "बंतु, बंतु, नोड्री!"

"वच्चिंदि!" नरसय्या तेलुगूत ओरडले.

"आली!" हे तज्ज्ञसाहेब.

मग सरांनी नरसय्यांना मिठी मारली, नरसय्यांच्या हातातली ढवळायची कांडी खाली पडली, सरांनी तज्ज्ञसाहेबांना मिठी मारली आणि तिघे त्या अरुंद जागेत गोल गोल फिरले. बाहेर मुलं खिडक्यांना लोंबकळली होती. "चुकलं!" सर त्यांना हात उंचावून सांगत होते. "आमचं चुकलं! तेरा अंशांनी चुकलं!"

तज्ज्ञसाहेबांनी चष्मा सरळ केला. "बिराजदार, तुमचं दीड वर्षाचं गणित पाण्यात गेलंय. मी आता सही करू शकत नाही, हे लक्षात येतंय ना तुमच्या?"

"व्हय की, साहेब."

"मग नाचताय कशाला?"

"साहेब, बेरीज चुकली तर कान धरायचा. ती चूक आळसाची. पण बेरीज बरोबर आणि समजूतच चुकली, तर पेढे वाटायचे! न्हायतर हे आपल्याला सांगायला कोण येणार हुतं?"

मग तज्ज्ञसाहेबांनी पेन उघडलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'आठ महिने मुदतवाढ द्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.' मला तेव्हा रडू येत होतं, पण समोर भिजल्या शर्टातले दोन पन्नाशीचे प्राध्यापक एकमेकांच्या पाठी थोपटताना बघून रडताही येईना. मी हसायला लागले आणि हसणं थांबेचना. चुकल्यावर हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

चूक कुठं होती ते आठवड्यात सापडलं. इथेनला इथेनची ओढ किती, कार्बन डायऑक्साइडला कार्बन डायऑक्साइडची किती, हे बरोबर होतं. पण या दोघांना एकमेकांची ओढ किती, ती आम्ही दोघांची सरासरी काढून तेवढीच, पूर्ण धरली होती. सोळा आणे. "परक्या घरातली माणसं ती," सर म्हणाले, "पहिल्या दिवशी सोळा आणे जीव कसा लावतील? चौदा आणे धरून बघा." चौदा आण्यांनी धरलं आणि नातवाच्या समीकरणातून उत्तर आलं: अठराच्या अगदी लगत. एकमेकांवर जीव कमी, म्हणून एकमेकांना बांधून ठेवायची ताकद कमी, म्हणून दोघं लवकर वायू होऊन मोकळे.

पण आता आठशे समीकरणं पुन्हा सोडवायची होती. सरांनी मैदानावर पळवलेली सगळी मुलं आपणहून आली. कँटीनच्या टेबलांवर लॉगची कोष्टकं पसरली. प्राचार्यांनी स्वतः चौदा समीकरणं सोडवून पाठवली, त्यांतली दोन चुकली होती. सरांनी ती परत पाठवताना शेऱ्यात लिहिलं, 'कान धरावा.' प्राचार्य ती चिठ्ठी सगळ्यांना दाखवत फिरले. माझा खोडलेला कागद मी पुन्हा लिहीत नाही, हे मला त्या गडबडीत केव्हातरी लक्षात आलं.

मुदत संपायच्या आत प्रबंध गेला. त्याचं पहिलं प्रकरण होतं आमचं चुकलेलं गणित, सगळ्या कोष्टकांसह. पदवी मिळाली त्या दिवशी नीलाक्कांनी अख्ख्या शुक्रवार पेठेला गव्हाची गोड हुग्गी खाऊ घातली आणि विचारलं, "आता तरी कागद न्यायचे ना घरातनं?" सर म्हणाले, "आता प्रोपेन राहिलाय की."

पुढं मला नागपूरला नोकरी लागली आणि मी सोलापूर सोडलं. १९७९च्या शेवटी सर गेल्याचं कळलं. फुप्फुसांचा काहीतरी आजार, पंधरा दिवसांत संपलं सगळं. मी भेटायला गेले तेव्हा खोलीत शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी जवळ बसले. नीलाक्कांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी काय केलं म्हाईत हाय का तुमच्या सरांनी?"

दवाखान्यात सरांना ऑक्सिजन लावला होता. वॉर्डमधला कुणी माणूस नातेवाइकांना सांगत होता, की या लोखंडी नळकांड्यात ऑक्सिजनचं पाणी भरलेलं असतं, स्वैपाकाच्या गॅससारखं. सरांनी तोंडावरचा मास्क काढला.

"मास्क काढून बोलाया लागले," नीलाक्का सांगत होत्या. "पाणी न्हाय, म्हणले. स्वैपाकाच्या गॅसचं पाणी हुतं, ह्याचं हिमालयात नेलं तरी हुनार न्हाय. काटा बघा, म्हणले. गॅसचा काटा शेवटपतुर हलत न्हाय, कारण आत द्रव हाय. ह्याचा काटा कसा दमानं उतरतोय बघा. वायूच हाय आत. त्या माणसाला पलंगावर बसवून घेतलं. डॉक्टर आले, ते बी ऐकत उभे. मी म्हणलं, साकु, पुरे झालं, मास्क लावा. तर बोट वर केलं. म्हणले, येवढं वाक्य हुं दे."

कोपऱ्यातली एक बाई पदराआडून फिसकन हसली. मग दुसरी. मग नीलाक्काच हसल्या, गालांवरचं पाणी न पुसता.

"झालं का वाक्य पुरं?" मी विचारलं.

"व्हय," नीलाक्का म्हणाल्या. "पुरं करूनच मास्क लावला."